खोकल्याच्या औषधाची सुनावणी

चालण्याच्या शर्यतीत एक ना एक पाय सतत जमिनीला टेकलेला लागतो आणि पुढचा गुडघा सरळ राहावा लागतो. त्यामुळे कंबर हलते आणि बघणाऱ्याला हसू येतं. मी बाळापूरच्या रस्त्यावर सराव करायची तेव्हा दूधवाले गाडी हळू करून हसायचे. वडील म्हणायचे, "हासू दे त्याइले. तू चाल." पुढे अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात गेले, चांगले प्रशिक्षक मिळाले आणि एका राष्ट्रीय स्पर्धेत पदकही आलं. गावात सत्कार झाला. हसणारे दूधवाले हार घेऊन आले.

सत्काराचं कौतुक अजून ओसरलं नव्हतं, तेवढ्यात उत्तेजकांची तपासणी करणाऱ्या दिल्लीच्या संस्थेचा ईमेल आला. स्पर्धेनंतर घेतलेल्या माझ्या लघवीच्या नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं होतं. त्याचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. हॉस्टेलच्या खोलीत बसून ते नाव मोबाइलवर शोधलं, तर खोकल्याच्या औषधांचे फोटो समोर आले. त्यातली एक बाटली ओळखीची होती.

स्पर्धेच्या आधी मी सुट्टीला घरी आले होते. कापसाचा हंगाम होता. वडील अकोल्याच्या जिनिंगमध्ये कामाला, त्यांच्या कपड्यांतून रुईचे तंतू घरभर यायचे. मला जो खोकला लागला तो थांबेना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक सिरप लिहून दिलं. मी ते घेतलं, बरी झाले आणि विसरले.

प्रशिक्षकांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्यावर अविश्वास दाखवला नाही, पण ते फार घाबरले. म्हणाले, "पोरी, दिल्लीवाल्यांशी आपन कुठं भांडून राह्यलो? कबूल कर, सही कर, जी काय शिक्षा होईल ती भोग. लवकर मोकळी होशील." ईमेलसोबत आलेल्या कबुलीच्या कागदावर मी सही करायला निघालेच होते. बंदी चार वर्षांची होईल की चार महिन्यांची, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही.

वडिलांनी मला अकोल्याला बोलावलं आणि कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंकडे नेलं. शेताच्या धुऱ्याचे, म्हणजे बांधाचे, वाद लढवण्यात त्यांची उभी हयात गेलेली. खेळाडूची केस त्यांच्याकडे कधी आली नव्हती, आणि ते त्यांनी लगेच सांगून टाकलं. "मले हे वाचा लागीन. दोन दिवस दे. तोवर कशावरही सही करू नको."

आम्ही परत गेलो तेव्हा त्यांच्या टेबलावर नियमांची छापील चळत होती, पेन्सिलच्या खुणांनी भरलेली. त्यांनी मला एकेक समजावलं. शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची, मुद्दाम घेतलं असो वा नसो. पण ते कसं आलं हे सिद्ध करता आलं तर शिक्षा कमी होते. लघवीचा नमुना दोन बाटल्यांत ठेवलेला असतो; त्यातली दुसरी उघडून पुन्हा तपासणी मागण्याचा हक्क आहे. प्रयोगशाळेचे कागद मागण्याचा आहे. वकील घेऊन सुनावणीत बोलण्याचा आहे, आणि निकाल पटला नाही तर अपिलाचाही आहे.

"मग दुसरी बाटली उघडायला सांगू या," मी म्हणाले.

"सिरप तू पेली ना?"

"हो."

"मंग त्यातही तेच निघन. तो हक्क तुया हाये, पन त्याचा इथं उपेग नाही. आपन खरं काय झालं ते सांगू."

खरं सांगायचं तर डॉक्टर हवे होते. ते मात्र ऐकूनच बिचकले. "माझ्यावर केस होईल का?" त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हणाले, "नाही हो काका, औषध बरोबरच होतं. फक्त खेळाडूला चालत नाही." बाहेर पेशंट खोळंबले होते. मी उठले तेव्हा ते म्हणाले, "बघतो." तेवढं घेऊन मी घरी आले. वडील म्हणाले, "बघतो म्हंजे नाही." आई म्हणाली, "तुमाले काय माईत? नाही म्हनायचं असतं तर तोंडावर म्हनले असते."

सुनावणी लॅपटॉपवर झाली, वकीलबाईंच्या ऑफिसात. पडद्यावर तीन माणसं होती: एक माजी न्यायाधीश, एक डॉक्टर आणि एक माजी धावपटू. सगळं इंग्रजीत सुरू झालं. वकीलबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पडद्याकडे बघून सांगितलं की माझी अशील तिला समजेल त्या भाषेत बोलणार. न्यायाधीश लगेच हिंदीकडे वळले. माझी हिंदी अकोल्याची, पण अडली नाही. मी खोकला सांगितला, रुई सांगितली, आणि औषध घेण्याआधी विचारायला हवं होतं हेही सांगितलं.

तेवढ्यात पडद्यावर चौथी चौकट उघडली. वकीलबाईंनी पाठवलेल्या लिंकवरून आमचे डॉक्टर आले होते, दवाखान्यातल्या खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी औषध कशासाठी आणि किती दिलं ते नीट सांगितलं. मग स्वतःहून म्हणाले, "ही मुलगी स्पर्धेत उतरते हे सगळ्या गावाला माहीत आहे. मलाही होतं. लिहिताना माझ्या ध्यानात आलं नाही."

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. वकीलबाई पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

निकाल आला. पदक गेलं, ते जाणारच होतं. बंदी मात्र काही महिन्यांची झाली, आणि ईमेल आल्यापासून मी स्पर्धांबाहेर बसले होते तो काळ त्यातून वजा झाला. संशयाची जागा कारणानं घेतली होती. निकालात स्पष्ट लिहिलं होतं की खेळ सुधारण्याचा माझा हेतू नव्हता. वडिलांनी ते वाक्य मला तीनदा वाचायला लावलं.

बंदी संपेपर्यंत संघाबरोबर सराव करता येत नव्हता. मी पातूरच्या रस्त्यानं एकटी चालायची आणि वडील सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून मागे यायचे, पाण्याची बाटली घेऊन. अमरावतीला परतले त्या दिवशी प्रशिक्षक मैदानाच्या फाटकातच उभे होते. म्हणाले, "त्या वकीलबाईले इकडं बोलाव. बाकीच्या पोरापोरींनाही सांगू दे, काय काय मागता येते ते."

त्या आल्या. पोरींनी प्रश्न विचारून त्यांना इतकं अडकवलं की त्यांची अकोल्याची शेवटची बस चुकली. रात्री त्या आमच्या हॉस्टेलवरच राहिल्या आणि सकाळी मैदानावर येऊन माझी चाल बघत हसल्या. अगदी मनापासून हसल्या. मलाही हसू आलं, आणि पुढच्या फेरीत माझा वेग वाढला.