वहिनीचं रोप पिवळं पडलं

आमची वहिनी हट्टी आहे, असं मी नणंद म्हणून सांगते तेव्हा लोकांना वाटतं, मी नाक मुरडतेय. मुळीच नाही. मला तिचं कौतुक आहे, आणि कुणाला खुपत असेल तर खुशाल खुपू दे.

मी शेती संशोधन संस्थेच्या कचेरीत कारकून आहे. वहिनी तिथेच झाडांच्या विषाणूंवर काम करते. विषाणू म्हणजे पक्का आयतोबा. पानाच्या पेशीत शिरतो, तिच्याच आतल्या पातळ पटलांना खळगे पाडतो आणि त्यांत लपून आपल्या नकला काढत बसतो. पेशीला पत्ताही लागत नाही. वहिनीच्या विषाणूला पेशीतल्या ठरावीक बारक्या पिशव्यांचंच पटल लागायचं. म्हणून तिने टोमॅटोची अशी रोपं तयार केली की त्या पिशव्यांवर त्याला बस्तानच बसवता येऊ नये.

"रोप आजारी पडलं तर काम बंद, प्रयोगाची खोली दुसऱ्याला," संस्थेचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. वहिनीने मान्य केलं आणि रोगट पानांचा रस स्वतःच्या हाताने रोपांना चोळला.

बरेच दिवस पानं हिरवीगार होती. मग पिवळे डाग पडले. मला वाटलं, संपलं सगळं. वहिनीने मात्र डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पानाचा तुकडा कापला आणि थेट सूक्ष्मदर्शकाकडे गेली.

साहेब आले तेव्हा चित्र पडद्यावर होतं. पिशव्या साफ होत्या. पण शेजारच्या पटलांच्या जाळ्यात खळगेच खळगे.

"मी तिथून हाकललं, म्हणून तो इकडे आला," वहिनी म्हणाली. "आता हेही पटल अडवून बघते."

"रोप आजारी पडलं ना? शब्द म्हणजे शब्द."

"मग शब्द मोडते मी. काय करायचं ते करा, खोली सोडणार नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळले. "बाई, यांच्याकडून किल्ली घ्या."

खोटं कशाला बोलू, नोकरी मलाही हवी आहे. मी कोपऱ्यातला मातीचा ट्रे उचलला आणि वहिनीपुढे ठेवला.

"बी कुठलं पेरायचं, वहिनी?" मी विचारलं.