साडेचार फुटांचं दार

मायच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी मोरबीला होते. तिथल्या टाइल्सच्या कारखान्यात मी फरश्या निवडते. बोटानं टिचकी मारली की आवाजावरून तडा कळतो. फरशी बसवायची कशी, ते मात्र मला ठाऊक नव्हतं. फोनवर डॉक्टर म्हणाले, "आईंना वाकू द्यायचं नाही, उकिडवं बसू द्यायचं नाही. घरात खुर्चीचा संडास आहे ना?" मी म्हणाले, "आहे." नव्हता. दहा दिवसांनी माय घरी येणार होती.

आमचं गाव उमापूरच्या पुढं. एकाच अंगणात आमचं दार आणि समोर चुलत्याचं दार. वडील गेल्यापासून माय एकटीच राहते. चुलता गवंडी. गेवराईपर्यंत लोकांच्या न्हाण्या बांधतो, आणि माझी माय जन्मभर दोन मेढींना लुगडं बांधून त्याच्या आड अंघोळ करत आली. वारा आला की लुगडं उडायचं. नेमका तेव्हाच चुलता ओट्यावर मिसरी घासत बसलेला असायचा. तोंड फिरवावं एवढंही त्याला कधी सुचलं नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. कागदावर करणार नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यानं आमच्या संडासाचा खड्डा खणला, रिंगा टाकल्या आणि बाकीचं दिवाळीनंतर करतो म्हणाला. दिवाळ्या आल्या नि गेल्या. माय अंधार पडायची वाट बघत राहिली. शेवटी बांधावरूनच घसरून पडली.

सुपरवायझरनं मला रजा दिली, वर दुय्यम मालातल्या फरश्यांची चार खोकी गावाकडं येणाऱ्या ट्रकात टाकून दिली. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. नवरा म्हणाला, "पोरांचं मी बघतो, तू जा." त्याचेही नाही. राग होता तो एकाच माणसावर. मोरबी ते गेवराई तो राग मी मांडीवर घेऊन बसले होते.

आल्या आल्या ओट्यापुढं उभी राहिले. "काका, आठ दिवसांत न्हाणी-संडास करून द्या. माय येतीय."

"माझी कामं सोडून? जमायचं न्हाई."

"मग मी बांधते. तुमचा ओळंबा तरी द्या."

चुलता हसला. अंगणात आणखी दोघं होती, त्यांच्याकडं बघत म्हणाला, "ऐकलं का? सहावी नापास बाई भिंत बांधणार! अगं, ऊस तोडणं येगळं, हे येगळं. हत्यार म्या कुणाला देत न्हाई."

मी नापास नव्हते. सहावीच्या परीक्षेला मी उसाच्या फडात होते, मोळ्या बांधत. भिंत उभी सरळ जातेय का ते बघायला दोरीला जुना नट बांधून ओळंबा केला. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, दोन थर रचायचे, पुन्हा व्हिडिओ. दर तासाला भिंतीला हात लावून बघायची, हलते का म्हणून. एक थर वाकडा गेला तर सगळा काढून पुन्हा लावला. चुलता ओट्यावरून ओरडायचा, "व्हिडिओत भूकंपाचं बी दाखिवत्यात का गं?" मी प्रत्येक विटेवर थापीचा दांडा आपटायची आणि मनात त्याचं टाळकं समोर धरायची. विटा घट्ट बसल्या त्या बहुतेक त्यामुळंच.

तो कामावर गेला की चुलती हळूच यायची आणि घमेली भरून द्यायची. तिचंही लुगडं मेढींनाच होतं. गवंड्याची बायको.

सहाव्या दिवशी भिंती झाल्या, दाराच्या माथ्यावर आडवी शहाबादी फरशी टाकली, पत्रा चढला, फरश्या बसल्या. खुर्ची बसवायला उमापूरचा प्लंबर आला आणि वाकून आत गेला. माझं लक्ष गेलं नाही. चुलतीचं गेलं.

"पोरी, दार लई खाली झालं की. माय कशी वाकंल?"

टेप लावला. साडेचार फूट. सहा दिवस मी त्या दारातून पन्नासदा आत-बाहेर केलं होतं, दर वेळी वाकून, आणि मला काही वावगं वाटलं नव्हतं. आमची सगळी वाढ कोपीतली. ऊसतोडीला गेलं की पाचटाची कोपी घालायची आणि थंडी आत शिरू नये म्हणून तिचं दार ठेंगणं ठेवायचं. दार म्हटलं की माझी मान आपोआप खाली जाते. त्याच अंदाजानं मी विटा रचल्या होत्या. आणि मायला वाकायचं नव्हतं.

छिन्नी-हातोडा उचलला आणि खाली ठेवला. आमच्यात नव्या बांधकामावर पहिला नारळ भावकीतल्या वडीलधाऱ्यानं फोडायचा असतो, तोही आत जाऊन. वडीलधारा म्हणजे चुलता.

"काकू, आज दाराचं कुणाला बोलू नका," मी म्हणाले.

सकाळी गल्लीतल्या पाच-सहा बाया बोलावल्या. चुलता धुतलेलं धोतर आणि कडक टोपी घालून आला. उंच माणूस, छाती पुढं काढून चालणारा. भिंतीवर हात फिरवला, चूक सापडेना तसा तोंड वाकडं करून म्हणाला, "बरं हाय. आण नारळ."

"आत फोडा, काका."

त्यानं दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. बाया बघत होत्या. तो वाकला. पुरेसा वाकला नाही म्हणून टोपी माथ्यावरच्या फरशीला लागून पडली, मग आणखी वाकला आणि माझ्या पायांपुढून टोपी उचलून आत गेला. बाया पदरात तोंड घालून हसल्या. मी हसले नाही. मी ते डोळे भरून बघितलं.

तो बाहेर आला तसा मी हातोडा घेतला आणि दारावरच्या विटा फोडायला लागले.

"आता कावून फोडती?"

"मायला वाकता येत न्हाई, काका. तुमाला येतं का, तेवढं बघायचं होतं."

तो ओट्यावर जाऊन बसला आणि पहिल्यांदाच आपल्या घराच्या भिंतीकडं तोंड करून बसला. संध्याकाळपर्यंत मी ती शहाबादी फरशी सहा फुटांवर नेऊन बसवली, दुसऱ्या दिवशी दार लावलं. माय दवाखान्यातून आली, वॉकर धरून ताठ आत गेली आणि आतून कडी लावली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मी भिऊन हाक मारली, "माय, बरी हाईस ना?"

"हाय की. घाई कुणाला हाय?"

मोरबीला परत आले त्याला आता चार महिने झाले. मागच्या आठवड्यात मायचा फोन आला. चुलती लाजत लाजत अंघोळीला येऊ का विचारत होती. चुलत्याचेही गुडघे धरलेत म्हणे, त्यानंही बायकोकरवी खुर्चीच्या संडासाचं विचारलंय.

"काकूला किल्लीच देऊन टाक," मी म्हणाले.

"आन त्यास्नी?"

"त्यांना सांग, दिवाळीनंतर बघू."

माय एवढी हसली की तिला ठसका लागला.