भिंगरीमामा

जवळा बाजारच्या आमच्या स्टुडिओचे मालक फोटो काढताना एका जागी गोल फिरायचे. ट्रायपॉडवर कॅमेरा, त्यामागे मामा. थोडं सरकून एक फोटो, आणखी सरकून दुसरा. फेरी होईपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. म्हणून बाजारात त्यांना भिंगरीमामा म्हणत. मी ते फोटो संगणकावर जोडायचे. मग मोबाईलवर बोट फिरवलं, की त्या जागी उभं राहून चहूकडे पाहिल्यासारखं दिसायचं.

लग्नसराई संपली की आम्ही सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला जायचो. "रान रोज बदलून राहिलं, काढून ठेवलं पायजे," मामा म्हणायचे. ड्रोन घेतल्यावर तर ते जमिनीकडे पाहीनासेच झाले.

धरणाकाठच्या गावातल्या अनसूयाबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना शेत बघायचं होतं. मामांनी ड्रोनने फोटो काढून मोबाईल त्यांच्या हातात दिला. बाईंनी बराच वेळ पाहिलं.

"हे माझं वावर न्हाई," त्या म्हणाल्या. "मी कवा पाखरू होते?"

मामा तसेच उठले. बाईंच्या सुनेला विचारलं, "सासूबाई भाकर खायला कुठं बसायच्या?" तिने शेतावर नेऊन बांधावरची जागा दाखवली. मामांनी कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्याइतका खाली आणला आणि त्याच्याभोवती गुडघ्यांवर रांगत फेरी पूर्ण केली.

संध्याकाळी बाई बोट फिरवत राहिल्या. "तुरीला फुलं आली." मग विहिरीपाशी थांबल्या. "हां, बराबर." शेवटी सुनेकडे वळून म्हणाल्या, "कोपऱ्यातलं तण काढलं न्हाईस तू." सून रडता रडता हसली.

परतताना मामा एवढंच म्हणाले, "उंच जायच्या नादात आपुन माणसाचा डोळा इसरलो."

पुढे काचबिंदूने मामांचीच नजर गेली. कॅमेरा आणि ड्रोन माझ्याकडे देऊन ते नांदेडला लेकीकडे राहायला गेले. मी त्यांना अधूनमधून फोन करते. परवा सिद्धेश्वरला काम होतं. तिथून फोन लावला आणि दिसेल ते सांगत गेले: पाणी, पलीकडचा काठ, जाळं ओढणारे दोघं जण.

"जाळ्यात काय आलं?" मामांनी विचारलं.

"इथून दिसत नाही, मामा."

"मंग जवळ जा की."

मी कॅमेरा तिथेच ठेवला आणि फोन कानाला लावून पाण्याकडे उतरू लागले.