सपाट तोंडाची गोळी

रिटायर झाल्यावर बायकोला नेमबाजीचं वेड लागलं आणि मी तिच्या रिव्हॉल्व्हरसाठी शिशाच्या गोळ्या ओतायला लागलो. हॅमिल्टनच्या फाउंड्रीत ओतकामात तीस वर्षं काढलेला माणूस मी. गॅरेजमधल्या दोन चिमुकल्या साच्यांचं मला काय कौतुक! एकातून गोल नाकाची गोळी निघायची, दुसऱ्यातून सपाट तोंडाची. सपाट गोळी कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ भोक पाडते, गुण मोजताना वाद होत नाहीत. क्लबच्या मॅचला तीच वापर, असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं. तिची ही पहिलीच मॅच होती.

आदल्या रविवारी रेंजवर दोन्ही गोळ्यांची तुलना केली. गोल गोळ्यांची सगळी भोकं एका वाटीखाली झाकली गेली असती. सपाट गोळ्या मात्र कागदभर पांगल्या. मी म्हणालो, "साचा उत्तम आहे. तुझाच हात थरथरतोय."

तिने रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवून दिलं. गाडीत एवढंच म्हणाली, "मी नाव विथड्रॉ करते." मला फार वाईट वाटलं, पण शब्द मागे घेईन तर तो मी कसला!

घरी आल्यावर तिने उरलेल्या गोळ्या दोन ताटांत ओतल्या आणि तांदूळ निवडावेत तशी चष्मा लावून बसली. थोड्या वेळाने हाक आली.

"अहो, ह्या सपाट सगळ्या सुरकुतलेल्या आहेत. गोल बघा कशा स्मूथ! आधी कुठल्या ओतल्यात?"

"सपाट."

"मग तुमचा मोल्ड तापलाच नव्हता. गार तव्यावर घावन घातलंत!"

मी कपाळावर हात मारला. सुरकुतलेली गोळी सरळ जातच नाही. घाईघाईत सपाट साचा गारच वापरला होता; तोवर दुसरा भट्टीच्या कडेवर आयता तापला होता. ह्याच चुकीसाठी फाउंड्रीत मी कितीजणांना फैलावर घेतलं होतं! मी हात जोडून माफी मागितली. ती आधी रागाने बघत राहिली, मग तिला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी साचा नीट तापवून गोळ्या ओतल्या. तिने निम्म्या नापास करून परत वितळवायला लावल्या. शनिवारी ती चौथी आली. निकाल लावणाऱ्याने गोळ्या कोण ओततं असं विचारलं, तेव्हा ती ऐटीत म्हणाली, "माय हजबंड. बट आय डू द क्वालिटी कंट्रोल." मला माझ्या कुठल्याही प्रमोशनपेक्षा जास्त आनंद झाला.

गाडीत बसताना ती म्हणाली, "पुढच्या वेळी आधी साचा बघायचा, मग बायकोचा हात."