उजव्या ग्लासातला चमचा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये कोणी लेक्चर द्यायला नको. मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. सगळी नोकरी औषधांच्या एजन्सीत गेली माझी – स्टॉक, बॅच, एक्सपायरी. भूतबीत कोणी काढलं की मी चहा संपवून उठायचो. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. पण जे झालं ते झालं, आणि घरी ते सांगता येत नाही म्हणून इथे लिहितोय. का सांगता येत नाही ते पुढे कळेलच.

आम्ही नागपूरला नंदनवनात राहतो. मी आणि माझी बायको सुनीता. मुलगा नोकरीसाठी बंगलोरला. माझी एजन्सी बंद पडली, कारण मालकाच्या मुलांना त्यात रस नव्हता. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरं कोण ठेवून घेतं? त्याआधी काही महिने, एका मोठ्या तापातून उठल्यावर, सुनीतानंही तिचे डबे बंद केले होते. हॉस्टेलच्या पोरांना ती घरून डबे द्यायची आणि तिच्या हाताला अशी चव होती की पास होऊन गेलेली पोरं फोन करून वांग्याच्या भाजीची आठवण काढायची. "गुडघे दुखून राहिले," म्हणाली. मी मानलं. दोन माणसं दिवसभर घरात समोरासमोर बसून टीव्ही बघतात तेव्हा काय होतं ते ज्याचं त्याला माहीत.

अशात माझ्या साळ्यानं थाय टेकअवेचं खूळ डोक्यात घातलं. "भाऊजी, सावजी झालं, चायनीज झालं, मोमो तर गल्लोगल्ली झाले. थाय कोणीच नाही." एका कंपनीची फ्रँचायझी होती. त्यांचं म्हणणं, आचारी लागतच नाही. करीचा मसाला सीलबंद पाकिटात येतो, नारळाचं दूध डब्यात येतं, तुम्ही फक्त एकत्र करायचं. माझा पीएफ त्यात गेला. सगळा. हे बुडलं तर मुलापुढे हात पसरायचे, एवढं आम्हा दोघांनाही न बोलता माहीत होतं.

धरमपेठेत मेन रोडच्या मागच्या गल्लीत गाळा मिळाला. एका बाजूला मॅचिंग सेंटर, दुसऱ्या बाजूला आइस्क्रीमवाला. पुढे काउंटर, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, मागे किचन, आणि किचनच्या मागे उघड्यावर एक मोरी. किचनमध्ये सुनीता, काउंटरवर मी. भांडी घासायला एक मावशी यायच्या, पण संध्याकाळी, स्वयंपाक उरकल्यावर.

आता आचारी लागत नाही हे अर्धसत्य निघालं. पाकिटातला मसाला तयार असतो, पण लिंबू, गूळ, मीठ, सोया हे प्रत्येक पातेल्यात आपल्यालाच जुळवावं लागतं. आंबट, गोड, खारट, तिखट – चारही सारखं लागलं पाहिजे. म्हणून कंपनीचा कडक नियम : गॅसच्या बाजूला दोन स्टीलचे ग्लास. डाव्या ग्लासात स्वच्छ चमचे. पातेलं उतरवायच्या आधी चमचा घ्यायचा, चाखायचं, आणि तो उष्टा चमचा उजव्या ग्लासात टाकायचा. पुन्हा तो पातेल्यात जाता कामा नये.

ट्रेनिंग द्यायला आलेल्या पोरीला सुनीतानं स्पष्ट सांगितलं, "आमच्याकडे चाखून रांधत नाही वं पोरी." तिचं माहेर नरखेडकडचं. महालक्ष्म्यांचा सगळा स्वयंपाक, सोळा भाज्या, आंबील, पुरण, सोवळ्यात व्हायचा आणि नैवेद्य दाखवेपर्यंत जिभेला कणही लागायचा नाही. वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही. तिच्या आईनं ती सवय रोजच्या वरणभातालाही लावली होती. मीठ हातात घेतलं की हातालाच कळतं म्हणायच्या. आमच्या घरीही इतकी वर्षं तसंच. ती ट्रेनर बिचारी गोंधळली. "काकू, पण थाय फूडमध्ये टेस्ट केल्याशिवाय नाही होत." शेवटी सुनीतानं एक चमचा तोंडात घातला, मान हलवली, आणि प्रश्न मिटला.

दुकान सुरू झालं. पहिले दिवस म्हणजे नुसती करमणूक. एक जण विचारायचा, "भैया, ये सफेद वाली कढी है क्या?" एकानं तर ग्रीन करीवर तर्री मारून मागितली. पण हळूहळू कॉलेजची पोरं यायला लागली, ऑनलाइन ऑर्डरी लागल्या. रेटिंग चांगलं येत होतं. मी आत-बाहेर करायचो – डबे आण, पाण्याचा कॅन लाव. उजव्या ग्लासात उष्टा चमचा दिसायचा. मनात म्हणायचो, चला, हिनं सवय मोडली. बरं वाटायचं.

एकदा सुनीता भाचीच्या साखरपुड्याला गेली. मी एकट्यानं किचन सांभाळलं. मला नारळाचं दूध आवडत नाही, नुसत्या वासानं मळमळतं. त्यामुळे मी काही चाखलं-बिखलं नाही, मापानं घातलं आणि मोकळा झालो. गॅस बंद करायला वळलो तर उजव्या ग्लासात चमचा. ओला. हिरवा रस्सा लागलेला. मी तो धुतला आणि कामाला लागलो. थकलेल्या माणसाला फार प्रश्न पडत नाहीत हो... कालचा राहिला असेल म्हटलं.

मग उन्हाळा आला. नागपूरचा उन्हाळा, वर पत्र्याचं छत, दोन शेगड्या पेटलेल्या. दोघांचंही डोकं तापलेलं असायचं. त्यात एक दिवस ऑर्डर परत आली. करी नुसती गोड. दुसऱ्या गिऱ्हाइकाचाही फोन आला. मी तणतणत आत गेलो, सहज ग्लासाकडे नजर गेली तर उजवा ग्लास कोरडा.

"काहून वं, आज चाखलं नाही का?"

तिनं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "तुम्ही आज आतच नाही आले," म्हणाली.

मला वाटलं टोमणा मारतेय, काउंटरवर पंख्याखाली बसता म्हणून. मी बाहेर निघून आलो. आमचं संध्याकाळपर्यंत बोलणं नव्हतं. हवेलाही कंटाळा यावा असे दिवस होते ते.

तक्रारी कंपनीकडे गेल्या. त्यांचा एरिया मॅनेजर आला, तिशीतला, सभ्य. चहा घेतला आणि म्हणाला, "सर, वाईट वाटून घेऊ नका. पण असंच चाललं तर आम्हाला सप्लाय थांबवावा लागेल. मॅडमनी माझ्यासमोर एक पातेलं करावं आणि चाखून मला सांगावं काय कमी आहे. बाकी काही नाही."

दुपारची मोकळी वेळ होती. आम्ही तिघं त्या किचनमध्ये दाटीवाटीनं उभे. सुनीतानं करी केली. हात नेहमीसारखा चालत होता, पण ती सारखी उजव्या ग्लासाकडे बघत होती. लिंबू पिळलं, बघितलं. गूळ टाकला, बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला काही कळेना.

"मॅडम, चाखून बघा ना," मॅनेजर म्हणाला.

तिनं शेगडी बारीक केली, पदरानं कपाळ पुसलं. "मले चव लागत नाही, सर."

"म्हणजे?"

"त्या तापापासून. वास बी नाही, चव बी नाही. तिखट टाकलं तर जीभ भाजते तेवढंच समजते."

बायकोबद्दलची ही गोष्ट मी एका परक्या माणसासोबत पहिल्यांदा ऐकली. त्या तापाला दोन उन्हाळे झाले होते. डबे का बंद केले, जेवताना ताटात नुसता हात का फिरवायची, ते सगळं माझ्या डोक्यात एकाच वेळी येऊन बसलं. लाज वाटली, रागही आला... नक्की कोणाचा ते सांगता येणार नाही.

मॅनेजरही ओशाळला. "मग इतके महिने टेस्ट कोण करत होतं? तुमचे रिपोर्ट तर चांगले आहेत."

सुनीतानं माझ्याकडे बोट केलं. "हे करतात. मी पातेलं ठेवून मागं भाजी धुवायला जाते. हे आत येऊन चाखून जातात. बरोबर असलं का चमचा इकडल्या ग्लासात टाकतात. नसलं का टाकत नाही. मग मी अजून थोडं लिंबू नाहीतर मीठ घालते, पुन्हा मागं जाते. चमचा दिसेपर्यंत. त्या दिवशी दिसलाच नाही, ऑर्डरी खोळंबल्या होत्या, तशीच देऊन टाकली."

"सर, तुम्ही?"

मी आयुष्यात त्या करीचा एक थेंब जिभेला लावला नव्हता. तोंड उघडलंसुद्धा होतं मी सांगायला. पण सुनीता माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ना, तसं तिनं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "हो. मीच."

"मग प्रश्नच मिटला," मॅनेजर म्हणाला. "तुमचं नाव टेस्टर म्हणून लावू. आता चाखून सांगा फक्त."

मी चमचा घ्यायला हात पुढे केला आणि तिथेच थांबलो. उजव्या ग्लासात चमचा होता. रस्सा त्याच्यावरून अजून खाली ओघळत होता. आम्ही तिघंही शेगडीपासून हातभर अंतरावर होतो. कोणी हललं नव्हतं, आवाज झाला नव्हता. मे महिन्याच्या त्या भट्टीत माझ्या हाताला काटा आला.

सुनीतानंही चमचा बघितला. तिचा चेहरा खुलला. मॅनेजरकडे वळून म्हणाली, "झालं, घ्या. बरोबर आहे."

त्या दोघांनाही वाटलं, बोलणं चालू असताना मी चाखून मोकळा झालो. मॅनेजरनं स्वतः एक चमचा घेतला, डोळे मिटले, म्हणाला, "एकदम परफेक्ट." आणि गेला.

नंतर आम्ही दोघं मोरीजवळ क्रेट उलटे टाकून बसलो. मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

"काय सांगू?" ती म्हणाली. "तुमची एजन्सी बंद, माझी जीभ बंद. कोणाकोणाचं रडायचं? मी तर ठरवलं होतं, जितके दिवस हातावर चालते तितके दिवस चालवायचं. पहिल्या हप्त्यातच करी बिघडून राहिली होती, मले समजत होतं. आणि मग तो चमचा दिसला. मी म्हटलं, यांच्या लक्षात आलं. आणि बोलूनबी नाही दाखवलं." मग म्हणाली, "खरं सांगू का, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा वाटलं मले, का कोणीतरी माझ्याकडे पाहून राहिलं."

आता सांगा, यावर मी काय बोलणार होतो? "पाहणारा मी नव्हतो" असं? जीभ रेटली नाही. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि बसून राहिलो.

पुढे जमेल तेवढी चौकशी केली. गाळेमालकाला आडून विचारलं, आधी इथे काय होतं. झेरॉक्सचं दुकान, त्याआधी मोबाइल कव्हरवाला. कोणी मेलेलं नाही, कोणी जळालेलं नाही. उंदीर चमचा उचलून ग्लासात टाकत नाही. किचनमध्ये कॅमेरा लावायचा विचार आला होता. नाही लावला. त्यात कोणी दिसलं तर काय करायचं, आणि कोणीच दिसलं नाही तर काय करायचं? सुनीताला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, येईल किंवा नाहीही येणार. औषधं चालू आहेत, मी स्वतः आणतो.

आणि मी चाखायला शिकलो. पहिले काही दिवस ओकारी यायची. आता कळतं... लिंबू कमी आहे की गूळ जास्त आहे एवढं कळतं. सुनीता मागे न जाता शेजारीच उभी राहते, मी सांगतो तसं घालते. सांगताना आम्ही बोलतो. इतकं तर आम्ही नंदनवनच्या त्या हॉलमध्ये वर्षभरात बोललो नव्हतो.

तुम्ही म्हणाल, कोण होतं ते? मला माहीत नाही. शोधायचा दमही राहिलेला नाही. भीती वाटत नाही. वाटतो तो थोडा मत्सर. माझ्या बायकोला काय झालंय हे माझ्याआधी कोणाच्या तरी लक्षात आलं होतं, आणि त्याचं श्रेय मी घेऊन बसलोय.

कारण ते गेलेलं नाही. मी चाखून माझा चमचा उजव्या ग्लासात टाकतो, डबे घेऊन बाहेर जातो, परत येतो तर तिथे दोन असतात.

परवा ग्लास विसळताना सुनीता म्हणाली, "एवढ्याशा पातेल्याले दोन दोन चमचे काहून लागते तुमाले?"

"एकात समजत नाही मले," मी म्हटलं.

ती हसली, आणि दोन्ही चमचे धुऊन तिनं डाव्या ग्लासात ठेवले.