न उघडलेला ट्रे

आर्वो लाम्पीच्या अंगणात गाडी चढवायचे दोन लोखंडी उतार बारमाही मांडलेले असायचे. तांब्याची खाण बंद पडल्यापासून हा माणूस घरच्या घरी लोकांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदलून द्यायचा. मोबदला म्हणून कुणी धुरावलेला मासा आणून द्यायचं, कुणी वेलची घातलेला पाव. बोलणं मोजकं, तेही खेकसून. त्याच्या हातात जादू आहे असं गाव म्हणायचं. जादू कसली, नुसती चिकाटी होती, आणि गेली नऊ वर्षं त्या चिकाटीत भीती मिसळली होती.

गिअरबॉक्सच्या तळाला पत्र्याचा ट्रे असतो. तो उतरवला की आर्वो गाडीच्या मालकाला दंडाला धरून खाली वाकवायचा. "बघून घे. मागाहून म्हणशील, म्हाताऱ्याने उघडलंच नाही." लोक हसायचे. आर्वो लाम्पीबद्दल असं कोण म्हणणार होतं?

पण एकदा त्याने खरंच उघडलं नव्हतं. थोरला भाऊ रूडी ऑक्टोबरात आपला ट्रक घेऊन आला होता. दांडा गिअरमध्ये टाकला की ट्रक अर्धा श्वास थांबायचा, मग धक्का देऊन निघायचा. त्या दिवशी आर्वोची कंबर धरली होती आणि रेडिओवर मॅच रंगात आली होती. तो पुठ्ठ्यावर आडवा झाला, पायरीवर बसलेल्या रूडीला ऐकू जावं म्हणून अर्धा तास पाना आपटत राहिला, वरून थोडं नवं तेल ओतलं आणि म्हणाला, "झालं." रूडीने त्याच्या पाठीवर थाप मारली.

जानेवारीत तो ट्रक घरापासून चार मैलांवर बर्फात रुतला. रूडी पायी निघाला. सकाळी एका झाडाखाली बसलेला सापडला, गोठून. बर्फ फार होता, असं पोलीस म्हणाले. आर्वोचा हिशेब निराळा होता. रुतलेली गाडी पुढे-मागे, पुढे-मागे झुलवून काढतात. गिअर अर्धा श्वास उशिरा लागला की झोकाच मरतो. म्हणजे रूडीला आपण मारलं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही.

तेव्हापासून तो अर्धा श्वास त्याच्या मागे लागला. फ्रिज बंद पडून पुन्हा घुमायला लागायच्या मध्ये तो असायचा. चर्चमध्ये पाद्री 'आमेन' म्हणण्याआधी थांबला की आर्वो पुढच्या बाकाची कड धरायचा. रूडीच्या घराकडे मात्र तो फिरकला नाही. वहिनी होती तोवर तिला सरपण पाठवायचा, तेही दुसऱ्याच्या हाती.

यंदाच्या सप्टेंबरात रूडीची मुलगी मार्लिस तोच ट्रक ओढून घेऊन आली. चौतिशीची बाई, जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचं यंत्र चालवायची. नऊ वर्षं ट्रक कोठारात ताडपत्रीखाली उभा होता.

"काका, माझी गाडी गेली. यंदा बाबांचाच काढते. गिअरबॉक्स तेवढा बघ."

"जुनं तेल ढवळू नये," आर्वो म्हणाला. "जुन्या तेलावरच ती यंत्रं तग धरतात."

"अख्ख्या गावाला बदला म्हणून ओरडत फिरतोस, आणि मलाच हे ऐकवतोस?"

ट्रे उतरला की काय दिसणार, हे त्याला ठाऊक होतं. कारखान्यात गिअरबॉक्सच्या भोकाला पिवळं प्लास्टिकचं बूच लावतात. तेल मोजायच्या पट्टीची नळी बसवताना ते आत पडतं आणि ट्रेमध्येच राहतं, पहिल्यांदा कुणी उघडेपर्यंत. रूडीने ट्रक कोरा घेतला होता. बूच दिसलं की काकाने हात लावलाच नव्हता, हे यंत्रांत वावरलेल्या मार्लिसला सांगावं लागलं नसतं.

तरी तो पुठ्ठ्यावर आडवा झाला, कारण नाही म्हणायला तोंड नव्हतं. मार्लिस शेजारी सरकली. एकेक बोल्ट सुटला. शेवटचे दोन बोल्ट तो सोडीना, तेव्हा पाना तिने घेतला. ट्रे कलला आणि तेल पसरट घमेल्यात पडू लागलं.

तेल लालभडक होतं. ट्रेचा तळ पुसल्यासारखा स्वच्छ, फिल्टर जेमतेम वापरलेला. आर्वोने तेलात बोटं फिरवली, कोपरे चाचपले, पुन्हा चाचपले.

"काय शोधतोयस?"

"बूच," तो कसाबसा म्हणाला. "पिवळं."

"ते बाबांच्या खिळ्यांच्या डब्यात आहे."

आर्वोने मान वळवली. तिचं तोंड त्याच्यापासून वीतभर अंतरावर होतं.

"तू ट्रक परत दिलास त्याच आठवड्यात बाबांनी तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल काळंच. रविवारी आम्ही दोघांनी ट्रे उतरवला. मीच बॅटरी धरली होती."

"काही म्हणाला?"

"हसले. म्हणाले, आर्वोची कंबर धरली असणार. त्याच्यापाशी बोलू नकोस, ओशाळेल."

"मार्लिस, त्या दिवशी ट्रक..."

"ट्रक ठणठणीत होता. त्या रात्री त्या रस्त्यावर माझं बर्फाचं यंत्रही अडकलं होतं, काका. कुणीच निघालं नसतं."

नऊ वर्षांत पहिल्यांदाच छाती भरून श्वास घ्यावा असं आर्वोला वाटलं. भाऊ आपल्यामुळे मेला नव्हता. घमेल्यात तेल ठिबकत होतं.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "तुम्हाला कळलं तर तुम्ही मला दारात उभं करणार नाही."

मार्लिसने पाना पुठ्ठ्यावर ठेवला. तिचा आवाज चढला नाही.

"आई दर ख्रिसमसला तुझी थाळी मांडायची. सहा वर्षं मांडली. मग म्हणाली, त्याला आपण नकोसे झालो असू. हेच म्हणत गेली ती. तिला मी काय सांगायचं होतं, काका?"