ख्याल मध्येच थांबवणारे शरदराव

शरदराव टोकेकरांशी माझी पहिली भेट भांडणानेच सुरू झाली. लग्न होऊन मी वर्ध्याहून जबलपुरात आले, त्याच वर्षीची गोष्ट. शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी गाणं आहे, तिकीट नाही, असं शेजारणीने सांगितलं आणि मी हौसेने ठेवणीतली साडी नेसून गेले. दारात स्टुलावर एक उंच, किडकिडीत गृहस्थ बसले होते. नाव नाही, गाव नाही, थेट प्रश्न: "ताई, रक्तगट कोणता?"

"मी गाणं ऐकायला आले आहे, दवाखान्यात नाही," मी म्हटलं.

"ऐका ना, जरूर ऐका. पण आमच्याकडे वर्षातून एकदा रक्त दिल्याचं कार्ड दाखवावं लागतं. आज तसंच बसा, पुढच्या वेळी घेऊन या." मी तणतणत आत गेले. बसले मात्र शेवटपर्यंत. आणि पुढच्याच महिन्यात, कोणाला न सांगता, रक्त देऊन आले.

शरदरावांचं पंच्याहत्तरावं वर्ष आहे म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. त्यात मी लिहावं असा आग्रह झाला, तेव्हा मी आधीच सांगून ठेवलं की मला नुसतं गोड लिहिता येत नाही. संपादक म्हणाले, चालेल.

शरदराव टेलिफोन खात्यात होते. दिवसभर लोकांचे फोन जोडून द्यायचे आणि रविवारी गाण्याच्या मागे लागायचे. कलाकारांना आणणं-पोचवणं, त्यांची बिदागी, जेवण, सगळं ते आणि त्यांचे दोन मित्र पदरचं घालून करत आले. श्रोत्यांकडून घ्यायचं ते फक्त रक्त, आणि तेही सरळ रक्तपेढीत. वयाने किंवा आजाराने ज्यांना देता येत नाही, त्यांनी रक्तदानाच्या शिबिरात जाऊन चहा करायचा, पलंगावर पडलेल्यांशी गप्पा मारायच्या. शरदरावांना पासष्ट पूर्ण झाली आणि रक्तपेढीने त्यांना आता पुरे म्हणून सांगितलं, तेव्हा ते आठवडाभर रुसून होते. मग तेही चहाच्या शेगडीपाशी उभे राहू लागले. चहा अगदी पांचट करतात, पण पिणारे पितात.

त्यांना माणसं रक्तगटावरून लक्षात राहतात. भर लग्नात कोणाची ओळख करून देताना "हे आमचे ए पॉझिटिव्ह, यांच्या मुलीचं लग्न आहे" असं म्हणायला ते कमी करत नाहीत.

रेकॉर्डिंगवर त्यांचा जीव नाही. "त्यात गाणारा खोकत नाही, त्याला पाणी लागत नाही, समोरच्याकडे पाहून त्याला काही सुचत नाही. मग आपण तिथं कशाला पाहिजे?" असं त्यांचं म्हणणं. एकदा ऐन मैफलीत माईक बंद पडला. लोक तारा धरून धावपळ करू लागले, तर शरदरावांनी सगळ्यांना पुढे सरकून बसायला सांगितलं. त्या दिवशीचं गाणं आम्ही गवयाच्या गुडघ्याला गुडघा लावून ऐकलं. त्यांचा स्वतःचा सूर मात्र कधीही जागेवर नसतो. चहा गाळताना ते गुणगुणतात तेव्हा मी शिबिराच्या दुसऱ्या टोकाला निघून जाते.

नियमाला ते भारी कडक. नऊ म्हणजे नऊ, समोर चार डोकी असली तरी. ख्याल सुरू झाला की दार बंद. एकदा एक बडे अधिकारी लवाजम्यासह उशिरा आले. शरदरावांनी त्यांना व्हरांड्यात खुर्ची दिली, चहा दिला आणि राग संपेपर्यंत बसवून ठेवलं. मोबाइल आले तेव्हा त्यांनी दारात एक पत्र्याचा डबा ठेवला. फोन बंद करायचा आणि डब्यात टाकायचा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाने असं करावं याची आम्ही खूप थट्टा केली. पण साऱ्या शहरातले खात्रीचे रक्तदाते एका हॉलमध्ये फोन बंद करून बसतात, तेव्हा बाहेर कोणाला रक्त लागलं तर काय, हे आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी माझी सून पूनम पहिल्या बाळंतपणासाठी दवाखान्यात दाखल होती. सकाळी मुलगा निखिल म्हणाला, "आई, डॉक्टर म्हणतात संध्याकाळ होईल. तू इथं बसून काय करून राहिली? जा, गाणं ऐकून ये." आणि मी गेले. फोन बंद केला आणि डब्यात टाकला.

पुण्याच्या एक बाई तोडी गात होत्या. विलंबित ख्याल छान रंगला होता, आणि एकदम शरदराव मधल्या वाटेने चालत येताना दिसले. पायांत चपला, तशाच पांढऱ्या चादरीवरून! त्यांनी हात वर केला. तबला थांबला. मी मनात म्हटलं, यांना वेड लागलं की काय?

"बाई, माफ करा," ते म्हणाले. मग आमच्याकडे वळले. "ओ निगेटिव्हवाले उठा. बाळंतीण आहे, रक्त थांबत नाहीये." चार जण उठले. "तुम्ही दोघं बसा, तुमचे तीन महिने भरले नाहीत. रफीकभाई, प्रोफेसरसाहेब, चलो, जोडे घाला." कोणी विचारलं नाही, कोणासाठी. मी मागे वळून पाहिलं तर दारात हेल्मेट घातलेला माझा निखिल उभा होता.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. निखिलने मला बारा वेळा फोन लावला होता. रक्तपेढीतली एकच पिशवी होती, ती चढवून झाली होती. गोहलपूर मोहल्ल्यात खरादाचं, म्हणजे लेथचं, दुकान चालवणारे रफीकभाई आणि ते कॉलेजातले प्रोफेसर रक्तपेढीत पलंगावर पडले होते. शरदराव मागोमाग आले, आणि त्यांना पाहून माझं डोकंच फिरलं. "तुमच्या त्या डब्यापायी माझी सून गेली असती!" मी सगळ्यांसमोर ओरडले. खरं तर राग माझा मलाच आला होता. मी तिला सोडून गेले होते. पण तो निघाला त्यांच्यावर.

त्यांनी उलट उत्तर द्यावं असं मला फार वाटत होतं. ते म्हणाले, "खरं आहे, ताई. चूक माझी आहे." आणि माझ्याच बाकावर, हातभर अंतर सोडून, बसून राहिले.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रक्तस्राव थांबला होता. पूनम शुद्धीवर होती. मुलगी झाली होती, आणि ती मजेत झोपली होती. मी देवाचं नाव घेण्याऐवजी हमसून हमसून रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. शरदरावांनी खिशातून रुमाल काढला, आणि तो मला देण्याऐवजी स्वतःच्याच डोळ्यांना लावला. मग त्यांनी हॉलवर निरोप पाठवला. तिथे बाई तानपुरा खाली ठेवून बसल्या होत्या आणि दोनशे माणसं बातमीसाठी थांबली होती. बातमी आली तेव्हा कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी, आणि नंतर, सकाळच्या रागाची वेळ टळून गेली असली तरी, बाईंनी तोडी पुन्हा पहिल्यापासून गायली.

घरी आल्यावर पूनमला सगळं कळलं. ती म्हणाली, "मम्मीजी, अंकलजी को आपने डाँटा? काहून?" माझ्याकडून उचललेला वर्ध्याकडचा हा 'का', तिचं मराठी एवढंच, पण त्या एका शब्दाने मी पुरती खजील झाले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "चहा घ्या." मी तो पांचट चहा तळापर्यंत प्यायले.

तेव्हापासून एक फोन चालू असतो. त्याचा नंबर प्रत्येक श्रोत्याच्या घरी आणि शहरातल्या रक्तपेढ्यांत दिलेला आहे. तो फोन घेऊन शरदराव बंद दाराबाहेर, व्हरांड्यात बसतात. आम्ही आत ऐकतो. त्यांना दाराच्या फटीतून जे येईल तेवढंच. ज्यांनी या शहराला समोर बसून गाणं ऐकायला शिकवलं, ते गेली तीन वर्षं एकही मैफल समोर बसून ऐकू शकलेले नाहीत. तक्रार एका शब्दाने नाही. कोणी म्हटलं, भाऊ, आज मी बसतो, तर म्हणतात, "नाही, चूक माझी होती."

शरदराव, चूक तुमची एकट्याची नव्हती, हे मी इथे सगळ्यांच्या देखत छापून देते आहे. आम्हाला तुमचं निरोगी, दीर्घ, हट्टी आयुष्य हवं आहे, शंभराच्याही पुढचं. तुमच्या सत्काराच्या दिवशी सकाळी नऊला गाणं आहे. पहिल्या रांगेत, मधली जागा तुमची. फोन मी तुमच्या घरून आधीच घेऊन आले आहे. तुम्ही आत बसा. बाहेर मी आहे.